दोन दिवसांचं काम

२० मार्च

कवळी मोडली! खालची, बरोबर मधोमध. दोन तुकडे रुमालात बांधून सासूबाई चार तास बसने आल्या. माजी सासूबाई. घटस्फोटाला तीन वर्षं झाली, तेव्हापासून आमचं एकदाही बोलणं नाही — आणि आज बेल वाजते तर दारात या! एका हातात पिशवी, दुसरा तोंडावर.

"तुझ्याच हातची आहे. दुसऱ्या कोणाकडे कशी देऊ?" असं काहीतरी म्हणाल्या. दात नसले की त्यांचं निम्मं बोलणं वाऱ्यावर जातं.

दार लावून घ्यावंसं वाटलं, क्षणभर. मग तुकडे हातात घेतले. अकरा वर्षांपूर्वीची कवळी. तेव्हा मी त्यांची सून होते. काम चांगलं होतं माझं. झिजली आहे ती डावीकडे जास्त — म्हणजे अजूनही एकाच बाजूने चावतात.

दोन दिवसांचं काम आहे म्हटलं. तोवर राहा. दुसरं काय म्हणणार? पंच्याहत्तरीच्या बाईला आल्या पावली परत पाठवायचं?

२१ मार्च

तुकडे जोडून ठेवलेत. उद्या घासून पॉलिश केलं की झालं.

त्या दिवसभर पुढच्या खोलीत स्टुलावर बसून माझं काम बघत होत्या. बघण्यासारखं काय आहे? डॉक्टर लोक तोंडाची मापं पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतते, मेणात दात बसवते, कवळी करून परत पाठवते. फळीवर ओळीने जबडे. आपल्या-आपल्या मालकांची वाट बघत.

"हे सगळे हसतायत असं वाटतं," म्हणाल्या.

सूप दिलं. प्यायल्या. कप स्वतः धुतला. मी धुतलेले बाकीचे कपही परत धुतले!

२२ मार्च

कवळी तयार. घातली. "स" म्हणून बघा म्हटलं. "सासू," म्हणाल्या. मला हसू आलं, मी तोंड फिरवलं.

उद्या सकाळच्या बसने जाणार.

२३ मार्च

साथीमुळे बस बंद. एकही नाही. स्टँडपर्यंत चालत गेलो, तर फाटकाला साखळी. शिपाई लांबूनच हात हलवतो — घरी जा, घरी जा. पिशवी घेऊन परत.

संध्याकाळी त्यांच्या मुलाचा, म्हणजे माझ्या माजी नवऱ्याचा फोन. माझ्या फोनवर त्याचं नाव अजून तसंच, तीन वर्षांनीसुद्धा. "आई तिथे आहे ना? बरं झालं. आठवडाभर सांभाळ. तुला त्रास नाही ना?"

त्रास नाही ना! विचारायला तीन वर्षं उशीर झाला.

२७ मार्च

आठवडा नाही, तीन आठवडे सगळं बंद म्हणे. पुढचं कोणालाच माहीत नाही.

डॉक्टरांचे दवाखाने बंद, म्हणजे माझं कामही बंद. दोन खोल्या, एक गॅलरी, दोन बायका. त्या पहाटे उठून रेडिओ लावतात. खिडकीचे पडदे मी उघडले की त्या बंद करतात. आणि ते कप! आज बोलले शेवटी. "माझं धुतलेलं तुम्हाला अस्वच्छ वाटतं का?" आवाज चढला माझा. त्या हात पुसून आत जाऊन बसल्या. जेवायला बोलावलं तर "भूक नाही."

मला वाईट वाटलं. पण मीही गेले नाही समजवायला. हट्टीपणात आम्ही दोघी सारख्याच, हे तेव्हाही सगळे म्हणायचे.

३० मार्च

हाक काय मारायची हा मोठाच प्रश्न. पूर्वी "आई" म्हणत होते. आता काकू म्हटलं तर त्यांना लागेल, आई म्हटलं तर मला. म्हणून हाकच मारत नाही. त्या असतील त्या खोलीत जाऊन उभी राहते आणि खोकते.

आज म्हणाल्या, "तुला खोकला आहे का गं? सांग बाई, हल्ली लपवू नये."

२ एप्रिल

त्यांच्या कवळीचा जोड टिकेल, पण वरचीही आता सैल झाली आहे. बोलताना टकटक वाजते. हिरड्या आकसतात वयाबरोबर. मी म्हटलं, एवीतेवी वेळ आहे, साहित्य पडून आहे — दोन्ही नव्याच करू.

"या वयात नवे दात? घालून कुठे मिरवू?"

"गॅलरीत."

हसल्या! जोरात. जुनी कवळी खाली आली, त्यांनी ती तिथल्या तिथे झेलली. मग दोघींनाही हसू आवरेना. किती वर्षांनी हसले मी या घरात? या घरात तर बहुतेक पहिल्यांदाच.

३ एप्रिल

माप घेतलं. तोंडात ठसा धरून दोन मिनिटं थांबायचं असतं, बोलायचं नाही. त्या दोन मिनिटांत त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. सोडलं तेव्हा बोटं उमटली होती.

५ एप्रिल

गॅलरीत सकाळी पावणेनऊ ते सव्वानऊ ऊन येतं. तेवढंच. आम्ही दोन खुर्च्या लावून बसतो, कामाला लागल्यासारख्या. समोरच्या गच्चीवर एक गृहस्थ व्यायाम करतात — पोट सुटलेलं, हात दोरीसारखे. त्यांचं नाव आम्ही पैलवान ठेवलं आहे. दहा उठाबशा काढतात आणि वीस वेळा घड्याळ बघतात. सासूबाई त्यांच्या उठाबशा मोजतात. आज अकरा झाल्या तेव्हा टाळ्याच वाजवल्या! पैलवानांनी इकडेतिकडे बघितलं, मग वाकून सलाम ठोकला.

आल्याचा चहा. कडक भाजलेला पाव — त्या चहात बुडवून, मी कोरडा. रस्ता असा रिकामा की पलीकडच्या इमारतीतला कुकर ऐकू येतो. या अर्ध्या तासासाठी मी सकाळी उठते. लिहायला लाज वाटते. बाहेर लोक मरतायत.

७ एप्रिल

दुपारी चारला त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन येतो. माझ्याच फोनवर. सासूबाईंचा फोन म्हणजे एक जुना डबा, तो निघताना घरीच राहिला. धाकटी सात वर्षांनी लहान. तिचा नवरा गेल्यापासून दोघी बहिणी एकत्र राहतात, दोन खोल्यांत. सासूबाईंचा मुलगा त्याच गावात, पण नदीपलीकडे, नव्या संसारात. धाकटीची मुलगी तिसऱ्याच शहरात अडकली आहे.

फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. "काय जेवलीस?" "तू काय जेवलीस?" "गोळ्या घेतल्या?" "तू घेतल्या?" एवढंच, पाऊण तास! आज ठेवताना धाकटी म्हणाली, "ये गं आता. मला एकटीला करमत नाही. रेडिओसुद्धा तुझ्यासारखा लावता येत नाही मला."

फोन ठेवल्यावर सासूबाई बराच वेळ पडदा सारखा करत राहिल्या.

९ एप्रिल

नवे दात बसले! एकदाच थोडं घासावं लागलं, मागे उजवीकडे. आरशासमोर उभ्या राहिल्या, तोंड वाकडं-तिकडं केलं. "मी अशी होते?" म्हणाल्या. "अशीच," मी म्हटलं. खोटं नाही — माझ्या लग्नातल्या त्यांच्या फोटोवरून दातांचा आकार घेतला होता. फोटो माझ्याकडे का होता अजून, ते त्यांनी विचारलं नाही. बरं झालं.

मग मी गाजर दिलं. कच्चं, सबंध. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गाजराकडे बघितलं, आणि — कर्रर्र! सगळ्या खोलीत आवाज. डोळे मिटून चावत राहिल्या. दोन्ही बाजूंनी. "नऊ वर्षं झाली," म्हणाल्या, "गाजर असं खाऊन."

मीही एक घेतलं. दोघी उभ्या-उभ्या गाजरं खात होतो, घोड्यांसारख्या.

पंचवीस वर्षं हे काम करते. दात करून पाठवते, पुढे कोण काय चावतं ते कधी बघायला मिळत नाही.

१० एप्रिल

आज गॅलरीत, काही विचारलं नसताना, त्या बोलल्या.

"त्या दिवशी तू माझ्याकडे बघितलं होतंस."

कोणता दिवस ते सांगावं लागलं नाही. त्यांचा मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला होता की त्याचं दुसरीकडे जुळलं आहे आणि त्यात चूक माझीच आहे — मला घरापेक्षा लोकांचे दात प्यारे. मी सासूबाईंकडे बघितलं होतं. त्या मटार सोलत होत्या. मान वर केली नाही.

"सोललेलेच परत सोलत होते मी," म्हणाल्या. "शेंगा संपल्या होत्या. बोलायला हवं होतं मी. तो खोटं बोलतोय हे मला माहीत होतं. पण पोटचा मुलगा — जीभच उचलली नाही. तीन वर्षं ते मटार डोळ्यांसमोर आहेत बघ."

तीन वर्षं मी मनात यांच्याशी भांडत होते. रोज नवी वाक्यं तयार करायची. आज एकही आठवेना. त्यांच्या बशीत पावाचा आणखी एक तुकडा ठेवला.

एक फोन केला असता मी तेव्हा, तर? एकदाच. त्यांनी नाही केला, मीही नाही.

११ एप्रिल

मुलाचा फोन. प्रवासाचा पास मिळतो आता, वयस्कर माणसांना घरी पोहोचवण्यासाठी. त्याने अर्ज केला आहे. तो स्वतः गाडी घेऊन येईल. आई इथे आहे म्हणून नंबर माझा दिला. "मंजूर झाला की तुला मेसेज येईल. आला की लगेच कळव, दोनच दिवस चालतो. अर्ज भरल्यापासून साइट तर उघडतच नाही."

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी लगेच पिशवी काढून कपड्यांच्या घड्या घातल्या. मग म्हणाल्या, "येईल तेव्हा येईल," आणि पत्ते पिसायला घेतले. पत्त्यांत सरळ-सरळ लबाडी करतात! आज राजा मांडीखाली सापडला.

१२ एप्रिल

सकाळी अकरा चाळीसला मेसेज आला. मंजूर. १३ आणि १४ तारखेसाठी.

त्या तेव्हा केस धुऊन आल्या होत्या. मी विंचरून द्यायचं कबूल केलं होतं. फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि कंगवा घेतला.

मग सांगते असं ठरवलं. जेवण झाल्यावर सांगते. चहानंतर सांगते. चारला धाकटीचा फोन आला, "काही कळलं का गं पासचं?" सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही.

नुसती मान हलवली. तोंडाने खोटं बोललेसुद्धा नाही — असं स्वतःला सांगतेय.

१३ एप्रिल

त्याचा फोन. "आला का?"

"नाही अजून."

हे मात्र तोंडाने.

का केलं मी असं? कारणं शोधून ठेवली आहेत. प्रवासात धोका आहे. त्यांचं वय. गाडीत तो बरोबर, कोणाकोणाला भेटून आलेला. सगळी खोटी. खरं कारण एकच — त्या गेल्या की सकाळचं ऊन मी एकटीने काय करू? दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे. पुढच्या आठवड्यात दुसरा पास येईल. तेव्हा नक्की सांगेन. आणखी एक आठवडा मागितला मी, फार नाही.

मागितला कुठे? घेतला.

१४ एप्रिल

आजचा दिवस चांगला गेला. हेच वाईट आहे.

त्यांनी माझे केस कापले, गॅलरीत, गळ्याला टॉवेल बांधून. मागून एकदम वाकडे. पैलवानांनी समोरून अंगठा दाखवला. आम्ही अंड्याचा केक केला, तो मध्ये बसला, तरी चमच्याने खरवडून सगळा खाल्ला. रेडिओवर फर्माईशी लागल्या होत्या, त्या प्रत्येक गाण्याच्या आधीच ओळखत होत्या, सुरुवातीच्या दोन सुरांवरून!

पासची मुदत संपली. मेसेज पुसून टाकला.

१५ एप्रिल

त्याने दुसरा अर्ज केला, या वेळी पोलीस चौकीत जाऊन. नामंजूर. सासूबाईंच्या गल्लीत रुग्ण सापडले, तो सगळा भाग बंद केला आहे. बाहेरून कोणी आत नाही, आतून कोणी बाहेर नाही.

१६ एप्रिल

धाकटीचा फोन चारला आला नाही. साडेपाचला आला. आवाज बसलेला. "जरा कसकस आहे. उगीच घाबरू नकोस."

१७ एप्रिल

ताप. शेजारचे दारात औषध ठेवून गेले. आत कोणी जात नाही.

सासूबाई फोनवर सांगत होत्या, "पाणी पी. वरच्या फळीवर माझी शाल आहे, ती घे. नाही, त्या नाही, वरच्या." तिकडून धाप ऐकू येत होती. "तू असतीस तर दिली असतीस," धाकटी म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. सहज म्हणाली.

मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

१९ एप्रिल

हॉस्पिटलमध्ये नेलं. तिच्या मुलीला परवानगी मिळत नाही, सासूबाईंना मिळत नाही. सासूबाईंचा मुलगा नदीपलीकडून हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जाऊन आला. कागदावर नाव लिहून घेतात आणि परत पाठवतात.

सासूबाई जेवत नाहीत. दात काढून वाटीत ठेवलेत.

२० एप्रिल

फोन घेऊन बसून आहोत. गॅलरीत गेलो नाही.

२२ एप्रिल

धाकटी गेली. काल सकाळी. आम्हाला आज कळलं.

स्मशानात चार माणसं होती म्हणे. घरचं त्यात एकच — सासूबाईंचा मुलगा, लांब उभा.

२३ एप्रिल

रडत नाहीत त्या. चार वाजले की फोनजवळ येऊन बसतात. पावणेपाचला उठतात.

२५ एप्रिल

आज त्या म्हणाल्या, "मी असते तर काय झालं असतं? फार तर पाणी दिलं असतं. पण ते तरी दिलं असतं ना गं." आणि माझाच हात हातात घेतला. माझाच! "तू नसतीस तर मी वेडी झाले असते," म्हणाल्या.

हे सहन होत नाही.

२६ एप्रिल

सांगितलं.

त्या कप धूत होत्या. मी मागे जाऊन उभी राहिले. खोकले नाही. "आई," म्हटलं. तीन वर्षांनी. त्या एकदम वळल्या, चेहरा असा उजळला की तिथेच थांबावंसं वाटलं. थांबले नाही. सांगून टाकलं — पास आला होता, मी लपवला, त्यालाही खोटं सांगितलं.

"कधी?"

"बारा तारखेला. तेरा-चौदासाठी."

त्यांनी ओल्या हाताच्या बोटांवर मोजलं. बारा, तेरा, चौदा. पंधरा. सोळाला कसकस.

"का?"

"तुम्ही जाऊ नये असं वाटलं."

दुसरं काहीतरी सांगायला हवं होतं का? तयार केलेली कारणं होती की. एकही वापरलं नाही. तुम्हीसुद्धा आजारी पडला असतात, तुम्हीसुद्धा गेला असतात कदाचित — हे जिभेवर आलं होतं. ते खरंही असेल. पण मी पास लपवला तेव्हा तो विचार माझ्या मनात नव्हता. मग आता त्याच्या मागे लपायचं कशाला?

त्यांनी हातातला कप पुसला, जागेवर ठेवला. आत गेल्या. दार लावलं. हळूच लावलं — आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२७ एप्रिल

एक शब्द नाही.

२८ एप्रिल

रेडिओ नाही. सकाळी गॅलरीत एकच खुर्ची बाहेर काढली त्यांनी. मी आतून बघत होते. पैलवानांनी सलाम ठोकला. सासूबाईंचं लक्ष नव्हतं.

वाटलं, भांडाव्यात. तोंडाला येईल ते बोलाव्यात. मी ऐकून घेतलं असतं सगळं. मटार सोलणाऱ्या सासूबाईंचा मला इतकी वर्षं राग होता, आणि आज कळतं, त्या नुसत्या गप्प बसल्या होत्या. मी गप्प बसले नाही. मी केलं.

१ मे

गल्ली उघडली. पास मिळाला, या वेळी त्याच्या फोनवर.

३ मे

गेल्या.

तो वर आला नाही. खाली गाडीजवळ तोंड बांधून उभा होता. केस पिकले त्याचे. मला काहीच वाटलं नाही त्याला बघून. सगळं लक्ष जिन्याकडे. त्या एकेक पायरी उतरत होत्या, मी पिशवी घेऊन मागे. हात द्यावा म्हटलं तर त्यांनी कठडा धरला.

गाडीत बसताना तो म्हणाला, "थँक्यू. खूप केलंस आईसाठी." मी त्याच्या बुटांकडे बघत राहिले. आता सांगतील, आता सांगतील, असं वाटत होतं. त्यांनी काच वर केली.

एक शब्द तरी! "जाते" सुद्धा म्हणाल्या नाहीत.

वर आले. पलंगावरची चादर घडी घालून ठेवलेली. कोपऱ्याला कोपरा लावून.

६ मे

सासूबाईंना फोन केला. उचलला नाही.

७ मे

दोनदा केला. उचलला नाही. बरोबरच आहे.

१० मे

दवाखाने थोडेथोडे उघडताहेत. आज तीन मापं आली. प्लास्टर कालवताना पाणी जास्त पडलं, सगळं फुकट. परत कालवलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं माप आहे, खालच्या जबड्यात एकच दात शिल्लक, एकटा.

सकाळी ऊन आलं होतं. पावणेनऊला येतंच ते. मी आत पॉलिशची मोटर चालू करून बसले.

धाकटीने एवढं एकच मागितलं होतं — ये गं आता. मी ऐकलं होतं माझ्या कानांनी, स्पीकरवर. तरीही मी पास लपवून केस विंचरत बसले.

१२ मे

त्यांना पत्र लिहायला घेतलं. "माझी चूक झाली" असं लिहिलं आणि फाडलं. चूक म्हणजे मीठ जास्त पडतं ती. याला काय म्हणतात मला माहीत नाही.

१५ मे

आज त्याचा फोन आला. त्याला सगळं कळलं, असंच समजले. बसून घेतलं.

"ती साइट उघडली शेवटी," म्हणाला. "पास बारालाच मंजूर झालेला! मी आईला विचारलं. ती म्हणते, तू तिला लगेच दाखवला होतास. जा, जा म्हणून मागे लागली होतीस. तिलाच यायचं नव्हतं. भीती वाटली म्हणे रोगाची. आणि तुला तिनेच सांगायला लावलं की नाही आला म्हणून. खरं का हे?"

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

तो बोलतच होता. सगळ्यांना कळलं आहे. धाकटीच्या मुलीने मावशीशी बोलणं टाकलं. "माझी आई पाण्याविना मरत होती आणि ही तिकडे नवे दात करून घेत बसली," असं चारचौघांत म्हणाली. सासूबाईंनी मान खाली घातली, एवढंच. उलट शब्द नाही.

"आईने असं वागायला नको होतं," तो म्हणाला.

मी म्हटलं, "तुझ्या मावसबहिणीचा नंबर दे."

"कशाला?"

"दे."

या पानाच्या कोपऱ्यात लिहून घेतला आहे. चार वाजायला दहा मिनिटं आहेत. लावते आता.